जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्णी, दिग्रस, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यातून दुकानात येणाऱ्या मशीनी पाहून हे पान लिहिलं आहे. सेवा केंद्र, कृषी केंद्राचं बिलिंग, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन, टायपिंगचा क्लास, घरी पोरांचा अभ्यास, अशी कामं. मशीन बहुतेक दहा-बारा वर्षांची. चालते, पण माणसाचा जीव खाऊन. भाव मुद्दामच लिहिले नाहीत. सेकंडहँड पार्टचा भाव पोळ्याला एक असतो आणि दिवाळीला दुसरा. पैसे कुठे घालावेत आणि कुठे हात आखडावा, ते मात्र स्पष्ट लिहिलं आहे.

भाऊ, कॉम्प्युटर लयच स्लो चालून राह्यला. प्रोसेसरच बदलून टाकू का?

थांबा. आधी नेमकं कोण अडून बसलंय ते बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ वर जा आणि तो उघडा ठेवून रोजचं काम करा. मशीन सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं मोजू नका, तेव्हा विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी चाललेली असते.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू १५-२० टक्क्यांवर निवांत, असं दिसलं तर दोष हार्डडिस्कचा. मेमरी ८५-९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क शांत, मेमरी मोकळी आणि सीपीयू मात्र ९०-१०० वर ठाण मांडून, असं असेल तरच प्रोसेसरकडे बोट दाखवता येतं. तेव्हाही ‘प्रोसेसेस’ मध्ये जाऊन सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा आणि सगळ्यात वर कोण आहे ते वाचा. कधी ब्राउझरचे तीस टॅब असतात, तर कधी फुकटच्या गाण्यांच्या साइटवरून आलेलं भलतंच काहीतरी बसलेलं असतं. त्यावर इलाज म्हणजे सफाई, खर्च नाही.

‘प्रोसेसर बदलून द्या’ म्हणून आलेल्या बहुतेक मशीनींचा प्रोसेसर निर्दोष निघतो.

हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तर खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो. जुन्या मशीनवर पहिला रुपया तिथेच घालावा. हार्डडिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे फिरते आणि तिच्यावरून एक हात इकडून तिकडे सरकतो. एका छोट्या फाइलपाशी पोचायला त्याला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरेक फाइली. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली मागते. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती सेकंदाला हजारोंनी फाइली देते. हार्डडिस्क तशीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलणं म्हणजे विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवून पाइप अर्ध्या इंचाचाच ठेवणं.

काही जण म्हणतात, आमच्या एच६१ बोर्डावर (दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा मदरबोर्ड) जुना साटा, म्हणजे डिस्क जोडायची वाट, आहे, तिथे एसएसडी अर्ध्याच वेगाने चालेल. खरं आहे, एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटच आहे. पण तो फरक मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करताना जाणवतो. रोजच्या कामात खरा फायदा त्या हजारो छोट्या फाइलींचा आणि तो जुन्या साटावरही मिळतो.

२४० किंवा २५६ जीबीची नावाजलेल्या कंपनीची घ्या, विंडोज तिच्यावर टाका, जुनी डिस्क डेटासाठी राहू द्या. मात्र जुन्या डिस्कची तब्येत आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरने पाहा. पिवळ्यात ‘कॉशन’ दिसलं तर फोटो, हिशोब, गिऱ्हाइकांची कागदपत्रं त्याच दिवशी बाहेर काढा. आणि मोबाइलवर जाहिरात येते तशी ‘२ टीबी एसएसडी, चहाच्या पैशात’ घेऊ नका. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि विंडोजला आकडा खोटा सांगितलेला असतो.

रॅम किती पाहिजे?

आजच्या ब्राउझरला ४ जीबी पुरत नाही. ८ घ्या. फोटोशॉपमध्ये वीस फुटी फ्लेक्स उघडत असाल तर १६. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर एका आठच्या रॅमपेक्षा चारच्या दोन बऱ्या, कारण दोन्ही वाटा एकदम चालतात आणि पडद्याचं कामही त्याच रॅमवर होतं.

दोन गोष्टी मात्र तपासा. ‘सिस्टिम टाइप’ मध्ये ३२-बिट लिहिलं असेल तर ८ जीबी टाकूनही विंडोज सव्वातीनच्या आसपासच वापरेल. आधी ६४-बिट विंडोज टाकावं लागेल. दुसरं, जुन्या जी४१ बोर्डावर कोणतीही डीडीआर३ रॅम चालत नाही. चारची घ्यायची तर दोन्ही बाजू मिळून सोळा चिप असलेली लागते. आठ चिपवाली लावली की मशीन नुसती बीप मारते किंवा अर्धीच रॅम दाखवते. दुकानदाराला माहीत नसेल तर तो बोर्डच खराब आहे म्हणून सांगेल.

एसएसडी झाली, रॅम झाली, तरी सीपीयू १०० वरच. आता तर बदलू ना?

आता बोलू. पहिला प्रश्न कोणता घ्यायचा हा नाही. आपल्या बोर्डावर कोणता बसतो, हा आहे. डब्याचं झाकण उघडलं की बोर्डावर मॉडेल नंबर छापलेला दिसतो. डबा उघडायचा नसेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘मेनबोर्ड’ चं पान उघडा. बोर्डाचं नाव, रिव्हिजन आणि बायोसचा (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) व्हर्जन, तिन्ही लिहून घ्या. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्टची यादी पाहा. प्रत्येक प्रोसेसरपुढे कोणता बायोस लागेल ते लिहिलेलं असतं. यादीत नाव नसेल तर विषय संपला, मग विकणारा काहीही म्हणो.

काही स्वस्त मशीनींत प्रोसेसर बोर्डालाच डाग देऊन बसवलेला असतो: ॲटम डी५२५, सेलेरॉन जे१८०० अशा. तो प्रोसेसर बदलता येत नाही.

माझ्या मशीनमध्ये कोअर टू ड्युओ आहे.

७७५ सॉकेट. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. क्वाड कोअर, म्हणजे आत काम करणारे चार भाग (कोअर) असलेला प्रोसेसर, टाकता येतो, बरेच जण टाकतातही. मी टाकून देत नाही. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती या पिढीवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना या प्रोसेसरला समजतच नाहीत. चालते तोवर टायपिंगला वापरा, पैसे घालू नका. पहिल्या पिढीच्या आय-३, आय-५ वर, म्हणजे ११५६ सॉकेटवरही, पैसे घालू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-३ किंवा पेंटियम आहे, बोर्ड एच६१. याचं काय करायचं?

आमच्याकडे येणाऱ्या मशीनींत हाच माल सगळ्यात जास्त, आणि प्रोसेसर बदलण्यात खरा अर्थ असेल तर तो बहुधा इथेच आहे. ११५५ सॉकेटवर २०११ ची दुसरी पिढी आणि २०१२ ची तिसरी पिढी दोन्ही बसतात. तुमच्याकडे पेंटियम जी२०३० किंवा आय-३ २१२० असेल तर त्यात खरे कोअर दोनच. आय-५ २४०० किंवा ३४७० टाकला की चार होतात. ब्राउझर उघडा, स्कॅनर चालू, प्रिंट निघतेय, मागे अँटिव्हायरस, अशा कामात हा फरक सरळ कळतो.

पण अपेक्षा बेताची ठेवा. आय-३ २१२० चा वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, आय-५ ३४७० चा ३.२, जोर लावला तर ३.६. म्हणजे एकेक कोअर फारसा वेगवान झालेला नाही, कोअरची संख्या वाढलीय. एकच काम एकाच कोअरवर चालत असेल तर घड्याळात काही दिसणार नाही.

बोर्डावरचा बायोस जुना असेल तर तिसरी पिढी ओळखलीच जात नाही. म्हणून जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, मग नवा टाका. ते करताना मशीन यूपीएसवर असू द्या आणि आभाळ भरून आलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी करा. अपडेट अर्ध्यात असताना लाइन गेली तर बोर्ड मरतो. मग प्रोग्रामर नावाच्या यंत्राने बायोसची चिप भरून देणारा शोधत यवतमाळ, अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागतं.

आय-७ २६०० किंवा ३७७० घ्यावा का? चार कोअर आणि आठ थ्रेड (एकदम चालणाऱ्या कामांच्या वाटा) मिळतात, व्हिडिओवाल्यांना उपयोग आहे. बाकीच्यांनी आय-५ वर थांबावं. २६०० आणि २४०० हे ९५ वॅटचे आहेत, ३४७० आणि ३७७० हे ७७ चे. स्वस्त एच६१ बोर्डावर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर साधा हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नसतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते १८ वॅट मोजावे लागतात. म्हणून शक्यतो तिसऱ्या पिढीचाच शोधा.

चौथी पिढी, एच८१ बोर्ड?

तसंच. ११५० सॉकेट; पेंटियम जी३२२० किंवा आय-३ ४१३० काढून आय-५ ४५७० किंवा ४५९०. त्यातला ४५९० नंतर आलेला, त्याला नवा बायोस लागतो.

११५१ सॉकेट आहे. आठव्या पिढीचा टाकला की विंडोज ११ चं काम होईल, असं एकाने सांगतलं.

ज्याने सांगितलं त्याला बोर्डाचा नंबर विचारा. ११५१ मध्ये दोन वेगळ्या जाती आहेत. एच११०, बी२५० या बोर्डांवर सहावी-सातवी पिढी चालते. एच३१०, बी३६० वर आठवी-नववी. पिना तेवढ्याच, खाचही बसते, पण मशीन सुरू होत नाही. एच११० वर पेंटियम जी४४०० असेल तर आय-५ ६५०० पर्यंत जा आणि थांबा. एच३१० वर जी५४०० असेल तर मात्र नशीब चांगलं: आय-५ ८४०० किंवा ९४०० टाका, सहा कोअर मिळतील आणि मशीन विंडोज ११ च्या यादीतही राहील.

एक अक्षर नीट वाचा: ९४००एफ. शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड नसलेल्या मशीनला तो लावला की पंखा फिरतो आणि पडदा काळा. थोडा स्वस्त मिळतो म्हणून लोक हाच उचलून आणतात.

एएमडी आहे, रायझेन.

मग तुम्ही सुखी आहात. एएम४ सॉकेट कंपनीने फार वर्षं चालवलं. ए३२० किंवा बी४५० बोर्डावर रायझेन ३ २२००जी किंवा ॲथलॉन २००जीई असेल, तर बायोस अपडेट करून बऱ्याच बोर्डांवर रायझेन ५ ५६००जी बसतो. सहा कोअर, बारा थ्रेड, ग्राफिक्स आतच. मशीनचा जन्म बदलतो. यादी मात्र इथेही पाहायचीच, सगळे ए३२० सारखे नसतात. ५६००, ५५०० यांत ग्राफिक्स नाही, कार्ड असेल तरच ते घ्या.

काढताना जपा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. थर्मल पेस्ट वाळलेली असली की कूलर (प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा) उचलताना प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. सरळ वर ओढू नका.

आय-३ काढून आय-७ टाकला त मशीन पळन का?

३, ५, ७ हे आकडे त्या-त्या पिढीपुरते. दहाव्या पिढीचा साधा आय-३ १०१०० चार कोअर आणि आठ थ्रेडचा आहे आणि सातव्या पिढीच्या आय-७ ७७०० च्या बरोबरीने चालतो. दुसऱ्या पिढीचा आय-७ तर त्याच्या जवळपासही येत नाही. ‘आय-७ मशीन विकणे आहे’ असं वाचलं की पुढचा नंबर विचारा. विकणारा नंबर सांगायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

पीक विम्याच्या वेळी साइट उघडतच नाही. नवा प्रोसेसर टाकला तर फॉर्म लवकर भरले जातील का?

नाही. जुलैच्या शेवटी साऱ्या महाराष्ट्राचे शेतकरी आणि केंद्रवाले एकाच पोर्टलवर असतात. गोल चक्र फिरतंय ते तिकडच्या सर्व्हरमुळे किंवा आपल्या नेटमुळे. खात्री करायची असेल तर पान अडकलेलं असताना टास्क मॅनेजर पाहा. सीपीयू ५-१० टक्क्यांवर असेल. मोबाइल हॉटस्पॉटवर चालणाऱ्या केंद्राने प्रोसेसरचे पैसे फायबरच्या जोडणीत घालावेत, गावात ती आली असेल तर.

हो, तारीख मात्र बघा. रोज सकाळी मशीनची तारीख मागे जात असेल तर कोणतीही सरकारी साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवेल. बोर्डावरचा सीआर२०३२ चा गोल सेल संपलेला असतो. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. एवढ्यासाठी लोकांनी अख्खी मशीन उचलून आणलेली आहे.

कृषी केंद्राचं टॅलीवरचं बिलिंग अडखळतं.

हंगामात काउंटरवर रांग असते आणि बिल सेव्ह व्हायला वेळ लागतो, ही तक्रार जूनमध्ये हमखास. टॅलीचा डेटा हार्डडिस्कवर असेल तर तो एसएसडीवर न्या, वर्षानुवर्षांचा डेटा एकाच कंपनीत साचलेला असेल तर त्याचं स्प्लिट करून घ्या. त्यानंतरही अडखळलं तर पाहू. बिलिंगला चार-सहा कोअर लागत नाहीत, एक कोअर चपळ असलेला पुरतो.

मोबाइलवर काढलेले व्हिडिओ कॉम्प्युटरवर अडकत चालतात. यूट्यूबही.

हे प्रोसेसरचंच दुखणं आहे, पण वेगळ्या तऱ्हेचं. आताचे फोन बऱ्याचदा एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत रेकॉर्ड करतात. तो प्रकार हार्डवेअरमधून उलगडायची सोय इंटेलमध्ये सहाव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या प्रोसेसरला ते काम कोअरच्या ताकदीवर करावं लागतं आणि दोन कोअरचा दम निघतो. तिसऱ्या पिढीत चार कोअर केले तर १०८० पर्यंत बरं चालेल, ४के ला नाही. सोपा उपाय फोनमध्येच आहे: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ निवडा. यूट्यूबचं रडणं व्हीपी९ या तशाच दुसऱ्या पद्धतीचं. तिथे ७२० वर पाहा, किंवा साइटला एच.२६४ द्यायला लावणारं ब्राउझर एक्स्टेन्शन टाका. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. सीझनच्या आधी आय-७ टाकून घेऊ?

तुमच्या धंद्यात प्रोसेसर खरोखर कमावतो, म्हणूनच जुन्या बोर्डावर पैसे घालू नका. ३७७० टाकून रेंडर कमी वेळात होईल, पण नव्या कॅमेऱ्याचं ४के फुटेज टाइमलाइनवर तसंच अडकेल. तुळशीच्या लग्नानंतर ऑर्डर धडाधड येतात, तेव्हा रात्र-रात्र रेंडर लावून बसण्यापेक्षा या एका धंद्याने नवी मशीन घ्यावी, उधारीवर का होईना.

उन्हाळ्यात मशीन आपोआप बंद पडते. प्रोसेसर कमजोर झाला का?

प्रोसेसर असा हळूहळू कमजोर होत नाही. तो तापतो. १०० अंशांच्या आसपास गेला की आपला वेग आपणच कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. बाहेर ४५, टिनाच्या छपराखाली खोलीत ४०, डब्यात त्याहून वर. त्यात हीटसिंक चोंदलेला असेल तर दुसरं काय होणार? जिनिंगच्या आसपासच्या दुकानांतून येणाऱ्या मशीनींत हीटसिंकच्या पात्यांवर रुईचा अक्षरशः नमदा बसलेला असतो, बोटाने सोलून निघतो. पंखा वरून जोरात फिरतो आणि हवा आत जातच नाही.

ब्लोअरने साफ करा, करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. जुनी पेस्ट पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावा. एचडब्ल्यूमॉनिटर या सॉफ्टवेअरने तापमान पाहा: मे महिन्यात काही न करता ५०-५५ असेल तर घाबरू नका, काम करताना ९० च्या वर जात असेल तर कूलर नीट बसलेला नाही. इंटेलच्या जुन्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी अर्धवट राहिली की कूलर तिरपा बसतो. बोर्ड उलटा करून चारही टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते बघावं लागतं.

पेंटियमचा बुटका ॲल्युमिनियमचा कूलर ९५ वॅटच्या प्रोसेसरवर चढवू नका. मध्ये तांब्याचा गाभा असलेला उंच घ्या.

आणि पाण्याच्या कूलरच्या झोतात डबा ठेवू नका. थंड राहील असं वाटतं, पण आपल्या बोअरच्या क्षाराचं पाणी बारीक तुषारांबरोबर आत जातं आणि पावसाळ्याआधीच रॅमच्या पट्टीला हिरवा गंज धरतो.

प्रोसेसर मोठा घेतला तर एसएमपीएस बदलावा लागेल का?

६५ चा ७७ वॅट झाला म्हणून नाही. पण तुमचा लोकल एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज देणारा भाग) डब्याइतकाच जुना असेल तर तो तसाही बदलायच्या लायकीचा झालाय. वरच्या ‘४५० वॅट’ च्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. रब्बीत रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि मशीन त्याच वेळी रिस्टार्ट मारत असेल, तर आधी यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएस तपासा. अर्थिंगही. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवा पार्ट टाकण्याआधी वायरमन बोलवा.

सेकंडहँड प्रोसेसर घ्यायला भीती वाटते.

जुन्या सॉकेटचे प्रोसेसर आता सेकंडहँडच मिळतात आणि सगळ्या पार्टांत तोच सर्वांत कमी मरतो. बोर्ड, एसएमपीएस, हार्डडिस्क जुने घेताना दहादा विचार करा. प्रोसेसरला तेवढा नको. वरच्या धातूच्या झाकणावर कोरलेला नंबर वाचा, मागच्या सोनेरी ठिपक्यांवर जळल्याचा काळा डाग नाही ना आणि कडा तुटलेली नाही ना ते पाहा. नागपुरात सीताबर्डीच्या बाजूला किंवा अमरावती-अकोल्यात घेत असाल तर आपला डबा सोबत न्या आणि समोर लावून, अर्धा तास चालवून घ्या. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत वाचा.

ऑनलाइन ‘एच६१ बोर्ड, आय-५ आणि ८ जीबी रॅम, कॉम्बो’ दिसतो. घ्यावा का?

बोर्ड नवा म्हणतात तो नव्यानेच जुळवलेला असतो. चिपसेट, प्रोसेसर, रॅम सगळं तेव्हाचंच. तुमचा स्वतःचा एच६१ मेला असेल आणि प्रोसेसर-रॅम जिवंत असतील तर नुसता असा बोर्ड घेणं ठीक. सगळा संच घेण्याइतके पैसे असतील तर ते पुढच्या उत्तरात घाला.

मग कधी म्हणायचं की आता नाही, दुसरी मशीनच घ्यायची?

माझा ठोकताळा असा: प्रोसेसर, कूलर आणि पेस्ट मिळून होणारा खर्च आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड (वापरलेल्या, दुरुस्त करून विकलेल्या) ऑफिस मशीनच्या पाव किमतीच्या आत असेल तर बदला. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला तर विचार करा. त्याच्या वर गेला तर सोडा. रॅम आणि एसएसडी यात धरू नका. एसएसडी पुढच्या मशीनलाही लागते.

ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड मशीनी मजबूत असतात, पण त्यांचे एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा खास त्याच डब्याच्या मापाचे असतात. बिघडल्यावर तालुक्याला पार्ट मिळत नाही, एवढं डोक्यात ठेवून घ्या.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. मशीन चालणार नाही का?

चालेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे वाढीव अपडेट नोंदणी केल्यावर ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. एएमडीत रायझेन २००० च्या पुढचे बहुतेक चालतात, पण वर सांगितलेला २२००जी त्या यादीत नाही. अटी चुकवून टाकून देणारे आहेत. चालतंही, पण अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. ज्या मशीनवर लोकांचे आधार, पासबुक, सातबारे हाताळले जातात तिथे मी तसं टाकून देत नाही.

म्हणजेच, आठव्या पिढीच्या आधीच्या बोर्डावर कितीही भारी प्रोसेसर टाकला तरी ही अट पूर्ण होत नाही. प्रोसेसर बदलून दोन वर्षं काढायची आहेत, दहा नाही, हे धरूनच खर्च करा.

विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं तर?

घरी पोरांना, वाचायला-लिहायला, यूट्यूबला, उत्तम. लिनक्स मिंट चार जीबीवरही बरं चालतं. सेवा केंद्राला नको. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ठसा घेणारं सॉफ्टवेअर) बहुतेक विंडोजसाठीच असते. टॅलीही थेट चालत नाही.

टायपिंगच्या क्लासमध्ये दहा मशीनी आहेत, सगळ्या पेंटियम. सगळ्यांचे प्रोसेसर बदलू?

एकाचाही बदलू नका. टायपिंगला तो पेंटियम भरपूर आहे. सगळ्यांना एसएसडी टाका आणि उरलेले पैसे कीबोर्डवर घाला, मुलांची बोटं तिथे चालतात. परीक्षा ज्या सॉफ्टवेअरवर होते त्याची विंडोजची अट मात्र सत्र सुरू होण्याआधी वाचून घ्या.

झेडपीच्या शाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आहेत.

गुरुजी, आधी डेडस्टॉक रजिस्टर पाहा. नोंदीत जे मॉडेल आहे त्यातला पार्ट बदलला तर तशी लेखी नोंद लागते, काढलेला पार्ट शाळेतच जपून ठेवावा लागतो. निर्लेखन झालेल्या दोन-तीन डब्यांतून एक चांगला जुळवता येतो का, ते मुख्याध्यापकांना विचारून ठरवा.

बदलल्यावर मशीन सुरू होते, पंखा फिरतो, डिस्प्ले नाही.

क्रमाने बघा. प्रोसेसरजवळची चार पिनांची वेगळी १२ व्होल्टची वायर लावली का? रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवली का? गोल सेल पाच मिनिटं काढून परत लावला का? प्रोसेसर ‘एफ’ वाला तर नाही ना? तरी नसेल तर जुना प्रोसेसर लावा. जुन्यावर चालली तर बायोसचा प्रश्न. जुन्यावरही नाही चालली तर टॉर्च लावून सॉकेटच्या पिना पाहा. इंटेलमध्ये त्या बोर्डावर असतात आणि तिरक्या उजेडात एखादी वाकलेली असेल तर तिची चमक बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. सुईने सरळ करायला स्वतः बसू नका.

काढलेला जुना प्रोसेसर विकला जाईल का?

पेंटियमला कोणी विचारत नाही, आय-३ ला थोडंफार. विकू नका, कागदात गुंडाळून डब्यातच चिकटवून ठेवा. उद्या एच६१ बोर्ड बदलावा लागला आणि दुसरा जुन्या बायोसचा मिळाला, तर तो अपडेट करायला दुसऱ्या पिढीचाच प्रोसेसर लागतो, आणि ऐन वेळी तो कुठेच सापडत नाही.